पंचनाम्याचे शास्त्र

अमरावतीच्या पूर्वेस, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून अवघ्या महाराष्ट्रास परिचित आहे, आणि तेथून पंढरपुरास जाणाऱ्या रुक्मिणीमातेच्या पालखीमुळे वारकरी मंडळींच्या तोंडीही ते नाव नित्य असते. परंतु ह्याच गावाच्या पांढरीत १९६२ ते १९६४ ह्या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित ह्यांनी जे उत्खनन केले, आणि ज्याचा वृत्तांत १९६८ साली महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्याची वार्ता पुरातत्त्वाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी गेलेली नाही. दीक्षित हे प्राचीन मणी आणि प्राचीन काच ह्या विषयांचे नामांकित व्यासंगी. अशा उत्खननात सापडलेला प्रत्येक मणी, प्रत्येक खापर कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात, पृष्ठभागापासून किती खोलीवर मिळाले ह्याची नोंद जागच्या जागी करावी लागते, आणि वस्तू ज्या पुडीत बांधली त्या पुडीवर तोच तपशील पुन्हा लिहावा लागतो. कारण एकदा खणलेला खड्डा पुन्हा पहिल्यासारखा खणता येत नाही, आणि ज्या मण्याचा थर हरवला तो मणी कितीही देखणा असला तरी इतिहासाच्या दृष्टीने मुका झाला.

हीच काळजी, जवळजवळ ह्याच शब्दांत, घटनास्थळाच्या पंचनाम्याने घ्यावयाची असते. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच’ ह्या ठराविक प्रारंभानंतर जागेची चतुःसीमा येते, मग वस्तूंची मोजमापे, मग जप्त केलेल्या मुद्देमालाचे वर्णन. आणि अखेरीस ती वस्तू खाकी कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून लाखबंद केली जाते. तपासी अंमलदार आणि पुरातत्त्ववेत्ता हे दोघेही गत घटनेच्या अवशेषांवरून त्या घटनेकडे मागे जाऊ पाहतात, आणि दोघांनाही वऱ्हाडची काळी जमीन सारखीच फसवते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात तिला पडणाऱ्या भेगा हातभर, प्रसंगी त्याहूनही खोल जातात, त्यांत वरची वस्तू घसरून खाली पोहोचते, आणि मृगाचा पाऊस झाला की ती भेग अशी काही मिटते की तेथे कधी फट होती ह्याची खूणही राहत नाही. कालपरवाचे नाणे शतकांपूर्वीच्या थरात सापडले तर ते नाणे प्राचीन ठरत नाही. तद्वत पुरलेल्या वस्तूच्या खोलीवरून ती केव्हा पुरली ह्याचा अंदाज बांधणाऱ्या अंमलदारास ह्या मातीचा स्वभाव ठाऊक नसेल तर त्याची तहकिकात पहिल्याच पायरीवर घसरण्याचा संभव असतो. मातीचा स्वभाव जाणणारा मनुष्य मात्र पोलीस ठाण्यात बसत नाही. तो अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवीत असतो.

न्यायसहायक विज्ञान हा महाविद्यालयात दुय्यम विषय म्हणून शिकवण्याजोगा का आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर मला ह्या अंतरात दिसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट ठरवून दिली, तीत मुख्य विषयाच्या जोडीस १८ ते २० श्रेयांकांचा एक दुय्यम विषय घेण्याची तरतूद आहे, आणि हा दुय्यम विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाही असू शकतो. म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने इतिहास आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीने संख्याशास्त्र निवडण्यास, निदान कागदोपत्री, आडकाठी उरलेली नाही. प्रत्यक्षात वेळापत्रक आणि अध्यापकांची तूट ही आडकाठी पुष्कळ ठिकाणी आहेच. तो वेगळ्या लेखाचा विषय. न्यायसहायक विज्ञान हे तर मुळातच अनेक शास्त्रांच्या सांध्यांवर उभे असल्यामुळे त्याचे संपूर्ण स्वामित्व सांगणारी एकही विद्याशाखा नाही. त्याची स्वतंत्र पदवी देणाऱ्या शासकीय संस्था मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत, आणि त्यांचे काम त्यांनी करावे. परंतु ज्याला कृषी अधिकारी, वकील, वैद्य किंवा तहसीलदार व्हावयाचे आहे त्याच्या पदरी ह्या शास्त्राचे थोडे, पण नेमके ज्ञान असणे ही निराळी गरज आहे.

ह्या विषयाच्या वर्गात प्रथमच येऊन बसलेल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बहुधा दूरचित्रवाणीवरील ‘सी.आय.डी.’ मालिकेतले डॉक्टर साळुंखे असतात, जे परीक्षानळी हलवून अर्ध्या मिनिटात खुनी कोण ते सांगून टाकतात. त्या मुलांस पहिल्याच आठवड्यात बडोद्याचा खटला शिकवावा, असे मी सुचवीन.

९ नोव्हेंबर १८७४ ह्या दिवशी सकाळी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर हे फेरफटक्याहून परतले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी पपनसाचे सरबत घेतले. दोन-तीन घोटांतच त्यांस अस्वस्थ वाटू लागले. उरलेले सरबत त्यांनी फेकून दिले, आणि मग पेल्याच्या तळाशी काळसर गाळ राहिलेला त्यांच्या नजरेस पडला. रेसिडेन्सीचे शल्यवैद्य डॉ. सीवर्ड ह्यांनी तो तपासला, आणि पुढे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे ह्यांच्याकडेही नमुना गेला. दोघांनीही सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा निर्वाळा दिला. येथवर शास्त्राचे काम चोख झाले. पण सोमल पेल्यात आहे ह्यावरून तो कोणी घातला, कोणाच्या सांगण्यावरून घातला आणि महाराज मल्हारराव गायकवाड ह्यांचा त्यात हात होता की काय, ह्यांपैकी काहीही निष्पन्न होत नव्हते. तो भार आला नोकरचाकरांच्या जबान्यांवर, आणि रावजी नावाच्या हवालदाराच्या पट्ट्यात पोलिसांस सापडलेल्या सोमलाच्या पुडीवर. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून आलेले सार्जंट बॅलंटाईन ह्यांनी नेमके तेथेच बोट ठेवले: ही पुडी मुळात पट्ट्यात होती, की शोध घेणाऱ्यांनीच ती तेथे आणली?

सहा सदस्यांच्या चौकशी आयोगात बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच ह्यांच्यासह तिघे इंग्रज होते, आणि ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तिघे एतद्देशीय. इंग्रज सदस्यांनी आरोप शाबीत मानला. एतद्देशीयांनी मानला नाही. अखेर एप्रिल १८७५ मध्ये हिंदुस्थान सरकारने मल्हाररावांस गैरकारभाराच्या सबबीवर पदच्युत केले, आणि कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर आला. राजकारण ज्याला त्याला दिसेल तसे दिसो. विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, ह्या संपूर्ण प्रकरणात रसायनशास्त्रज्ञाच्या निष्कर्षावर म्हणण्यासारखा वाद झाला नाही, आणि तरीही तीन विरुद्ध तीन असा तिढा पडला. आजच्या रीतीप्रमाणे त्या पट्ट्याच्या झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण झाले असते, निःपक्ष पंच हजर असते आणि पुडी जागच्या जागी लाखबंद झाली असती, तर आयोगाचा कौल कोणत्या बाजूस झुकला असता हे सांगवत नाही; पण बॅलंटाईनसाहेबांस इतके रान मोकळे मिळाले नसते हे खास.

विषाचाच विषय निघाला आहे तर वऱ्हाडातल्या विषाकडे वळणे प्राप्त आहे, कारण ह्या मुलखात न्यायसहायक विज्ञानाची गाठ सर्वांत अधिक पडते ती कापसावरच्या कीटकनाशकांशी. २०१७ सालच्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय-फॉस्फरस वर्गातली औषधे शरीरातल्या कोलिनेस्टेरेज नामक विकराचे कार्य बंद पाडतात. मज्जातंतूंचे संदेश थांबविणारा हा विकर निकामी झाला की लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. अशा मृत्यूची खबर आली की ठाण्यात ‘मर्ग दाखल’ होतो, शव उत्तरीय तपासणीसाठी जाते, आणि वैद्यकीय अधिकारी जठर व त्यातील अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग असा ‘व्हिसेरा’ बरण्यांमध्ये मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात.

त्या बरण्यांबरोबर आणखी एक लहानशी बाटली जाते, आणि माझ्या मते साऱ्या शास्त्राचा मर्मभाग त्या बाटलीत आहे. तिच्यात अवयव नसतो. तेच मिठाचे द्रावण नुसते भरलेले असते. हेतू असा की, बरणीत आढळलेला पदार्थ मुळात मिठातच नव्हता ना, हे प्रयोगशाळेस पडताळून पाहता यावे. आपल्याच उपकरणावर, आपल्याच मिठावर प्रथम संशय घ्यावयाचा, आणि तो फिटल्यावर दुसऱ्याविषयी मत द्यावयाचे, हा दंडक ज्या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडला त्याचा मुख्य विषय कोणताही असो, त्याचे शिक्षण बऱ्यापैकी झाले असे समजावे.

आता ‘सी.ए. रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला, त्यात कीटकनाशक निघाले. पुढे काय? फवारताना अंगावर उडाले, चुकून पोटात गेले, जाणूनबुजून घेतले, की कोणी पाजले, हे यकृताचा तुकडा सांगत नाही. आणि वऱ्हाडातल्या कुटुंबाच्या लेखी हा भेद केवळ तात्त्विक नसतो. शेतकऱ्यांच्या अपघाती मृत्यूबद्दल गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या योजनेत दोन लाख रुपये मिळतात आणि कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा तीत अंतर्भूत आहे. आत्महत्या तीत बसत नाही, तिच्यासाठी एक लाखाचे वेगळे साहाय्य आहे, आणि त्यास कर्जाच्या थकबाकीसारख्या पात्रतेच्या अटी आहेत. तेव्हा तपास करणाराने पंप शेतातच होता की घरी, अंगातल्या सदऱ्यावर औषधाचे डाग पाठीकडे होते की छातीकडे, वारा कोणत्या दिशेचा होता, बाटली कोठे आणि कोणत्या स्थितीत मिळाली, हे पहिल्या दिवशी लिहिले नाही, तर महिन्यांनंतर येणारा निष्णात अहवालही त्या विधवेच्या काही कामाचा राहत नाही. हे लिहिणारा बहुतेक वेळा रसायनशास्त्रज्ञ नसतो. तो ठाण्यातला हवालदार असतो, आणि त्याच्या जोडीला गावचा पोलीस पाटील.

नदीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. कौंडण्यपूरच्या पलीकडच्या तीरावर वर्धा जिल्हा लागतो. समजा, पावसाळ्यात अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडल्यानंतर प्रवाहात एक प्रेत वाहत आले आणि ऐन हद्दीवर अडकले. पूर्वी कोणाची हद्द ह्यावरून घोळ होई. आता कोणत्याही ठाण्यास शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो आणि कागद नंतर योग्य ठाण्याकडे जातात. हा विधिशास्त्राचा भाग झाला. तो मनुष्य बुडून मेला, की मेल्यानंतर पाण्यात टाकला गेला, हा मात्र वनस्पतिशास्त्राचा प्रश्न आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. नदीच्या पाण्यात डायाटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती असतात. मराठी विश्वकोशात त्यांना करंडक वनस्पती म्हटले आहे. त्यांचे कवच वाळूच्याच द्रव्याचे, म्हणजे सिलिकेचे, असल्याने नायट्रिक आम्लातही विरघळत नाही. जिवंत मनुष्य बुडताना पाणी श्वासावाटे ओढतो, फुप्फुसातल्या सूक्ष्म भेगांतून हे डायाटम रक्तात शिरतात, आणि हृदय चालू असेतो ते दूरवर, मांडीच्या हाडातल्या मगजापर्यंत जाऊन पोहोचतात. मृताच्या हृदयास हे काम करता येत नाही. म्हणून मगज आम्लात शिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, आणि त्यात दिसलेल्या जाती घटनास्थळाच्या पाण्यातल्या जातींशी ताडून पाहावयाच्या. ही चाचणी वाटते तितकी निर्विवाद नाही. पिण्याच्या पाण्यातून, अन्नातून काही डायाटम जिवंतपणीच शरीरात येत असावेत असा आक्षेप आहे, प्रयोगशाळेतली भांडी अस्वच्छ असली तरी फसगत होते, आणि बुडालेल्या माणसाच्या मगजात ते मुळीच न सापडणेही शक्य असते. पण वर्धा, पूर्णा आणि मोर्णा ह्या नद्यांत कोणत्या ऋतूत कोणत्या जातींचे डायाटम आढळतात ह्याची सूची करणे हे अमरावती-अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांच्या आवाक्यातले काम आहे. दर महिन्याला बाटलीभर पाणी आणि एक बरा सूक्ष्मदर्शक ह्यापलीकडे त्यास फारसे लागत नाही, आणि ताडून पाहावयास अशी सूची हाताशी असली तर तज्ज्ञाचे मत निश्चितच अधिक वजनदार होईल.

फ्रान्समधील लिऑनच्या एदमाँ लोकार ह्यांनी १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा थाटली, आणि दोन वस्तूंचा स्पर्श झाला की देवाणघेवाण होते हे तत्त्व त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. ते खरेच आहे. परंतु वऱ्हाडात त्याचा वापर जपून करावा लागतो. संशयिताच्या सदऱ्यावर कापसाचा पांढरा तंतू सापडला ह्याला पुरावा म्हणून किंमत जवळजवळ शून्य, कारण न रंगवलेला कापूस जगभरातच इतका सर्वत्र आहे की पाठ्यपुस्तकेही त्यास बाजूला सारतात; आणि जेथे दिवाळीनंतर घराच्या ओसरीत कापसाचे ढीग लागतात तेथे तर विचारूच नये. पुरावा किती दुर्मीळ आहे हे त्या त्या मुलखावर अवलंबून असते, आणि ते मोजण्याचे काम संख्याशास्त्राचे.

दस्तऐवजांच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी परंपरा आहे, तिचा उपयोग ह्या अभ्यासक्रमात कोणी करून घेतलेला माझ्या पाहण्यात नाही. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हापासून आपले इतिहाससंशोधक मोडी कागदाची शाई, वळण, शिक्का, मायना आणि तिथी-वाराचा मेळ तपासून खरे पत्र कोणते व बनावट सनद कोणती हे ठरवीत आले आहेत. वतनासाठी बनावट कागद करण्याची विद्या आपल्याकडे चांगलीच भरभराटीस आली होती, त्यामुळे ती ओळखण्याची विद्याही वाढली. आजच्या खरेदीखताची तपासणी करणारा हस्ताक्षरतज्ज्ञ हेच करतो. फक्त जंत्रीऐवजी त्याच्या हाती अतिनील प्रकाशाचा दिवा असतो. इतिहासाच्या प्राध्यापकाने ह्या विषयाचे चार तास घ्यावेत ते ह्याच कारणास्तव. (वऱ्हाडातला सर्वांत प्रख्यात दस्तऐवज म्हणजे रुक्मिणीने श्रीकृष्णास धाडलेली पत्रिका. ताडून पाहावयास नमुना अक्षर नाही, मूळ प्रत नाही, आणि ती पोहोचवणारा ब्राह्मण हा एकटाच साक्षीदार. आजच्या अदालतीत ती टिकली नसती. श्रीकृष्णाने तज्ज्ञाचे मत मागविले नाही हे वऱ्हाडचे भाग्य.) अंगठ्याच्या ठशाची कुळकथाही दस्तऐवजातूनच सुरू होते: १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल ह्यांनी राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा छाप घेतला तो करार नाकारला जाऊ नये म्हणून, आणि १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रांची कचेरी उघडली तेव्हा वर्गीकरणाचे अवघड गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघा देशी अंमलदारांनी सोडवून दिले होते.

ही सारी चर्चा आजच निकडीची होण्याचे कारण कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ अन्वये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे ही अपेक्षा ठेवण्यात आली आहे; राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतचा अवधी दिलेला आहे. झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रणही आता विहित आहे. अमरावतीस प्रादेशिक प्रयोगशाळा आहे हे खरे. परंतु मेळघाटातल्या पाड्यापासून लोणारच्या विवरापर्यंत प्रत्येक घटनास्थळी तज्ज्ञ वेळेवर पोहोचेल अशी माणसांची बेगमी एका दिवसात होत नसते. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, पहिला हात लागणार तो स्थानिक माणसाचा.

दुय्यम विषयाच्या ह्या १८-२० श्रेयांकांत काय शिकवावे ह्याविषयी माझे मत थोडक्यात असे. उपकरणांची नावे पाठ करून घेण्यात वर्ष दवडू नये. ती उपकरणे बहुतेक महाविद्यालयांत नसतातच. त्याऐवजी महाविद्यालयाच्या आवारात एक बनावट घटनास्थळ मांडावे, मुलांच्या तुकडीकडून पंचनामा लिहवून घ्यावा, मुद्देमाल लाखबंद करवावा, आणि मग विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांस उलटतपासणीसाठी बोलवावे. चिठ्ठीवर वेळ का नाही, दुसऱ्या पंचाची सही निराळ्या शाईची कशी, दुपारी दोन ते चार ही वस्तू कोणाच्या ताब्यात होती, असे तीन प्रश्न नीट विचारले गेले की भल्याभल्या शास्त्रप्रेमींची भंबेरी उडते. १९२३ पासून शास्त्र आणि मानव्य विद्या ह्यांना एकाच आवारात नांदवणारी शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था अमरावतीत आहे, आणि विधी महाविद्यालयेही गावातच आहेत. ह्यास नवी इमारत लागत नाही.

नोकरीच्या आशेने हा विषय घेणाऱ्यास मात्र आधीच स्पष्ट सांगावे की, प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाच्या पदासाठी त्या त्या शास्त्राची पूर्ण पदवी लागते, आणि दुय्यम विषयाच्या गुणपत्रिकेवर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून कोणी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मधला तज्ज्ञ ठरत नाही. तो पुढे तालुक्याचा कृषी अधिकारी होईल, ग्रामीण रुग्णालयात वैद्य होईल, विमा कंपनीचा सर्वेक्षक होईल, नाही तर दिवाणी न्यायालयात वकील. फवारणीच्या मृत्यूचा कागद ह्यांतल्या कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर येणारच. तेव्हा औषधाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक पंचनाम्यात उतरवला आहे की नाही, आणि बरण्यांबरोबर मिठाच्या द्रावणाची ती लहान बाटली गेली की नाही, एवढे त्याने विचारले, आणि नसल्यास त्याच दिवशी ठाण्यास लेखी कळवले, तरी अभ्यासक्रमावर झालेला खर्च वसूल झाला असे मी म्हणेन.